बत्तीस रुपयांचं मत

1852 साली सावदा, रावेर आणि चोपडा भागातले शेतकरी सरकारी मोजणीविरुद्ध उठले. खानदेश इंग्रजांच्या हाती येऊन तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. तरीही कुणाची जमीन किती आणि तिचा सारा किती, हा हिशेब गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वह्यांत आणि देशमुख-देशपांड्यांच्या तोंडी होता. तो सरकारला स्वतःच्या दप्तरात हवा होता. साखळ्या घेऊन मोजणीदार शेतात उतरले आणि लोक बिथरले. मोजणी झाली की सारा वाढणार, ही कुणब्याची भीती. वतनदारांची भीती वेगळी होती. हिशेब कागदावर आला की आपली मधली जागा जाणार, हे त्यांना पुरतं कळलं होतं. हजारो माणसं जमली, मोजणीचं काम बंद पडलं. अखेर फौज आली, फैजपूर आणि सावद्यात पुढाऱ्यांना धरलं आणि साखळी पुन्हा शेतात फिरू लागली.

मताधिकाराच्या इतिहासात हे बंड कुणी सांगत नाही. पण त्या मोजणीनं प्रत्येक सर्व्हे नंबरापुढे ‘आकार’ म्हणून जो आकडा बसवला, तोच पुढे साठ-सत्तर वर्षांनी, राज्यकारभारात बोलायचा हक्क कुणाला हे ठरवायला वापरला गेला. फैजपूरच्या माणसांनी ज्या आकड्याला विरोध केला, त्याच आकड्यानं त्यांच्या नातवांपैकी काहींना मतदार केलं आणि बाकीच्यांना बाहेर ठेवलं.

आधी सरकारनं पैसे गोळा करायला सुरुवात केली, मत विचारायची वेळ फार नंतर आली. 1869 च्या कायद्यानं साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ वसूल होऊ लागला. त्यातला एक तृतीयांश शाळांना आणि दोन तृतीयांश रस्त्यांना. आणा सगळ्यांनी द्यायचा, तो कुठे खर्च व्हावा हे मात्र कलेक्टर आणि त्याच्या कमिटीनं ठरवायचं. धुळ्याची नगरपालिका 1862 ची आणि जळगावची 1864 ची, पण सुरुवातीची मंडळी सरकारनं नेमलेलीच असत. 1882 मध्ये लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, 1884 मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा आणि नगरपालिकांचा कायदा झाला आणि निवडणूक हा शब्द खानदेशच्या तालुक्यांत पोचला. निवडणार कोण, तर सारा भरणारे, घरपट्टी भरणारे, इनामदार, पेन्शनर. ज्याचं काही पणाला लागलंय त्यानंच बोलावं, हे तत्त्व त्या काळी इंग्लंडातही सर्वमान्य होतं. इथं त्यावर कुणी वादही घातला नाही.

वाद न घालण्याचं एक कारण असंही की खानदेशात संपत्ती त्याच काळात डोळ्यांदेखत वाढत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं 1860 च्या दशकात कापसाला सोन्याचा भाव आणला. आगगाडी भुसावळपर्यंत आली आणि जळगावचं खेडं बाजारपेठ झालं. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, 1870 च्या दशकात जळगावला कापडगिरणी सुरू झाली. पुढे अमळनेरला प्रतापशेठांनी प्रताप मिल काढली. शेठजींनी गिरणीतला पैसा शाळेत घातला, 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. देशभरातून अभ्यासक तिथं येऊन राहू लागले. लोक त्यांना ‘श्रीमंत प्रतापशेठ’ म्हणत. पदवीसारखा वापरलेला तो शब्द कुणाला खटकला नाही. शाळा, पाणपोई, धर्मशाळा काढणारा माणूस नगरपालिकेत बसला तर बिघडलं कुठे, असं लोकांना वाटणं स्वाभाविक होतं. दानशूर श्रीमंताच्या हातातली सत्ता बोचत नाही. ती दान बंद झाल्यावर बोचते.

1906 मध्ये कारभाराच्या सोयीसाठी खानदेशचे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव आणि पश्चिम खानदेशचं धुळे. पूर्वेला तापीकाठची काळी जमीन, कापूस, दादर ज्वारी, नंतर केळी. पश्चिमेला तळोद्या-अक्राणीपर्यंत सातपुड्याचे डोंगर आणि भिल्ल, पावरा, मावची, कोकणी यांची वस्ती. हे अंतर पुढच्या गोष्टीत महत्त्वाचं आहे.

ऑगस्ट 1917 मध्ये भारतमंत्री माँटेग्यूनं हिंदुस्थानाला टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली आणि महाराष्ट्रात एकाएकी प्रश्न उभा राहिला: कौन्सिलात जाणार कोण? याच सुमारास अथणीच्या सभेत लोकमान्य टिळक बोलले. शेतकऱ्याला किंवा दुकानदाराला कौन्सिलात जाऊन काय करायचं आहे, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार बाहेर आले आणि ब्राह्मणेतर पुढारी खवळले. टिळकांच्या अनुयायांनी संदर्भ सांगायचा प्रयत्न केला, पण तो फारसा कुणी ऐकला नाही. ज्या पुढाऱ्याला त्याचे टीकाकार ‘तेल्यातांबोळ्यांचा पुढारी’ म्हणत, त्याच्याच तोंडून हे यावं, ही त्या काळाची एक विचित्र गंमत. पण उद्गारांमागची कल्पना एकट्या टिळकांची नव्हती. कायदा करणं हे शिकलेल्याचं काम आहे, असं शिकलेल्या जवळपास सगळ्यांनाच वाटत होतं.

मताधिकार कुणाला द्यावा हे ठरवायला लॉर्ड साउथबरोच्या अध्यक्षतेखाली समिती आली. 27 जानेवारी 1919 रोजी मुंबईत तिच्यापुढे सिडनहॅम कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापकानं साक्ष दिली. भीमराव आंबेडकर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्या निवेदनाचा गाभा असा, की अस्पृश्यांना धंदा करू दिला नाही, जमीन मिळू दिली नाही, शाळेत बसू दिलं नाही आणि आता मत देण्यासाठी मालमत्ता दाखवा म्हणता. सगळ्यांना सारखीच पट्टी लावली तर ज्यांना आधीच दाबलंय ते पुन्हा बाहेर राहतील. मत हे लायकीचं बक्षीस नाही. मत वापरता वापरताच माणूस सार्वजनिक कारभार शिकतो, हे त्यांचं म्हणणं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही याच समितीपुढे साक्ष दिली. या दोघांचं म्हणणं समितीनं नोंदवून घेतलं आणि मताची पट्टी मालमत्तेचीच ठेवली.

ती पट्टी अशी होती. मुंबई इलाख्याच्या बहुतेक जिल्ह्यांत, खानदेशातही, ग्रामीण भागात ज्याच्या नावावरच्या जमिनीचा आकार वर्षाला किमान बत्तीस रुपये आहे, त्याला मत. रत्नागिरी, पंचमहाल आणि सिंध सरहद्दीच्या जिल्ह्यांत गरिबी लक्षात घेऊन ही मर्यादा सोळा रुपये. शहरात घरभाड्याच्या किमतीवर मत, प्राप्तिकर भरणाऱ्याला मत, लष्करातून निवृत्त झालेल्याला मत. शिवाय सरदार-जमीनदारांच्या वेगळ्या जागा, व्यापाऱ्यांच्या वेगळ्या जागा आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची एक जागा. धन आणि विद्या, दोघांनाही जास्तीची खुर्ची मांडलेली. साऱ्या इलाख्यात मतदार झाले सुमारे साडेपाच लाख, म्हणजे लोकसंख्येच्या तीन टक्क्यांच्या आसपास.

याच ब्रिटिश पार्लमेंटनं एक वर्ष आधी, 1918 मध्ये, स्वतःच्या देशातल्या जवळपास सगळ्या प्रौढ पुरुषांना आणि तिशीच्या पुढच्या बऱ्याच स्त्रियांना मत दिलं होतं. युद्धात लढलेल्या मजुराकडे इंग्लंडात कुणी घराची पावती मागितली नाही.

बत्तीस रुपयांचा खानदेशात अर्थ काय होत होता, ते जरा थांबून पाहू. बऱ्या काळ्या जमिनीचा आकार एकरी रुपया-दीड रुपया धरला तर मतासाठी वीस-तीस एकरांचा धनी असायला हवं. एकत्र कुटुंबात खातं ज्याच्या नावावर तो मतदार. त्याच शेतात राबणारे धाकटे भाऊ नाहीत. बटाईनं कसणारा नाही. पाडव्याला किंवा आखाजीला वर्षाचा करार करून मालकाच्या गोठ्याशेजारी राहायला जाणारा सालदार तर नाहीच नाही. पश्चिम खानदेशात हिशेब आणखी उलटा पडायचा. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीचा आकार एकरी काही आण्यांचा. सरकारनं गरीब जमीन म्हणून सारा कमी लावला, त्यामुळे तिथला माणूस मतदार व्हायला कमी पडला. भिल्लांची जमीन तर सारा, सावकार आणि गहाणखत या वाटेनं मैदानातून केव्हाच सुटत चालली होती. ज्या मोजणीनं जमीन विकता-गहाण टाकता येण्याजोगी वस्तू केली, तिनंच त्यांच्या पायाखालची जमीन काढली आणि मग जमीन नाही म्हणून मतही नाही.

बायकांचं मत 1919 च्या कायद्यानं प्रांतांवर सोपवलं होतं. मुंबईच्या कौन्सिलनं 1921 मध्ये तो अडथळा काढला, पण अटी त्याच राहिल्या. मत जमिनीला चिकटलेलं आणि जमीन पुरुषांच्या नावावर. त्यामुळे स्त्रीमतदार नावापुरत्याच झाल्या.

एवढ्या थोड्यांनी निवडलेलं कौन्सिल अगदीच निकामी होतं असं मात्र म्हणता येणार नाही. 1920 च्या पहिल्या निवडणुकीवर काँग्रेसनं बहिष्कार टाकला. मराठ्यांसाठी सात राखीव जागा होत्या आणि ब्राह्मणेतर पक्षाला दार उघडं मिळालं. 1923 मध्ये याच कौन्सिलनं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर केला. ठराव कागदावर राहिला, म्हणूनच चार वर्षांनी महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. मोजक्यांच्या सभागृहाकडून न्यायाचा ठराव मिळू शकतो. तो अमलात आणायचा तर गावोगावच्या मतदाराचा धाक लागतो आणि तो धाक तेव्हा नव्हता.

1920 च्या दशकाच्या अखेरीस वारं फिरलं. 1928 च्या नेहरू अहवालानं सर्व प्रौढांना मत मागितलं. सायमन कमिशनपुढे आंबेडकरांनी तीच मागणी केली, 1931 मध्ये कराचीच्या ठरावात काँग्रेसनंही ती आपलीशी केली. 1932 मध्ये लॉर्ड लोथियन यांची मताधिकार समिती हिंदुस्थानभर फिरली. आंबेडकर तिचे सदस्य होते. एवढ्या अडाणी लोकांच्या निवडणुका घेणं जमायचं नाही, मतदानकेंद्रावर माणसं कुठून आणणार, या अडचणी पुढे करून समितीनं प्रौढ मताधिकार बाजूला ठेवला आणि पट्टी फक्त खाली आणली. 1935 च्या कायद्यात मुंबई प्रांतासाठी साऱ्याची मर्यादा आठ रुपये झाली. सोबत शिक्षणाचा नवा दरवाजा उघडला: मॅट्रिक झालेल्याला मत, लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रीला मत. प्रांतिक विधानसभेच्या 175 जागांत सात व्यापार-उद्योगाच्या, दोन जमीनदारांच्या, एक विद्यापीठाची, सात कामगारांच्या. 15 जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. आणि साऱ्या प्रांतातल्या मागास जमाती व मागास प्रदेश मिळून जागा फक्त एक.

हा कायदा डोक्यावर घेऊन देश निवडणुकीला निघाला असताना काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं.

तोवरची अधिवेशनं मुंबई, कलकत्ता, लाहोर, लखनौ अशा शहरांत होत. एकदा तरी खेड्यात भरवा, हा गांधीजींचा आग्रह. महाराष्ट्रानं निमंत्रण दिलं, शंकरराव देव स्वागत समितीच्या कामाला लागले आणि जागा ठरली पूर्व खानदेशातलं फैजपूर. जवळच्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी आजूबाजूच्या गावांतून हे काम उभं केलं. साने गुरुजी निधी आणि स्वयंसेवक मिळवायला गावोगाव फिरत होते. गुरुजी मूळचे अमळनेरच्या प्रतापशेठांच्या शाळेतले मास्तर. 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली. खानदेशचा कुणबी त्यांचं ऐकायचा, कारण ते त्याच्या ओट्यावर बसून बोलायचे.

शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. त्यांनी बांबू, चटया, टोपल्या, गावात मिळेल त्या सामानातून ‘टिळकनगर’ उभारलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक सजवलेल्या बैलांच्या रथातून निघाली. 27 आणि 28 डिसेंबर 1936 रोजी अधिवेशन झालं. दूरदूरच्या खेड्यांतून माणसं बैलगाड्या जुंपून आली होती. एका महिन्यापूर्वीच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉयही तिथं होते.

फैजपूरनं दोन गोष्टी केल्या. 1935 चा कायदा नाकारला आणि हिंदुस्थानची घटना प्रौढ मताधिकारानं निवडलेल्या घटनासमितीनं करावी, ही मागणी पुढे ठेवली. त्यासोबत शेतीचा कार्यक्रम मंजूर केला: सारा आणि खंड कमी करावा, न परवडणाऱ्या तुकड्यांना साऱ्यातून सूट द्यावी, कर्जवसुली थोपवावी, वेठ बंद करावी, शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी, शेतकऱ्यांच्या संघटना मान्य कराव्यात. या कार्यक्रमाची ताकद कलमांपेक्षा जागेत होती. 1852 मध्ये ज्या गावात सरकारनं सारेमोजणीच्या विरोधकांना पकडलं, त्याच गावात चौऱ्याऐंशी वर्षांनी देशातला सर्वांत मोठा पक्ष म्हणत होता की सारा भरण्याच्या ऐपतीवर माणसाची किंमत ठरवू नका. मांडवात बसलेल्या पुष्कळांना दोन महिन्यांनी होणाऱ्या निवडणुकीत मत नव्हतं. ऐकायला त्यांना कुणी अडवलं नाही.

फेब्रुवारी 1937 च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेसला 175 पैकी 86 जागा मिळाल्या. पूर्व खानदेशातल्या राखीव जागेवर आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलतराव जाधव निवडून आले. जुलैमध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. फैजपूरची कलमं सरकारी टेबलावर पोचली आणि तिथं पडून राहू लागली. कूळकायदा झाला, कर्जनिवारणाचा कायदा झाला, दोन्ही उशिरा आणि अर्धे. 1938 मध्ये पूर्व खानदेशात अतिवृष्टीनं पिकं गेली, तेव्हा सारामाफीसाठी साने गुरुजी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी 6 एप्रिलला त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं होतं. त्याच नावाच्या पक्षाच्या सरकारपुढे सारा माफ करा म्हणून मोर्चे न्यायची पाळी त्यांच्यावर आली. मंत्र्यांना ते अवघड वाटलं, गुरुजींना गरजेचं.

इथं एक खोच आहे. सारामाफी मागणारा निदान सारा भरत होता. त्याच्यापर्यंत राजकारण पोचलं, कारण तो मतदार होता किंवा व्हायच्या बेतात होता. सालदाराच्या मजुरीचं कलमही फैजपूरच्या ठरावात होतं, पण त्यासाठी तेव्हा कुठला मोठा मोर्चा निघाला नाही. ज्याचं मत नाही त्याचं दुःख ठरावात लिहिलं जातं. त्यावर कुणाची सत्ता पडत नाही किंवा टिकत नाही.

फैजपूरला मागितलेली घटनासमिती प्रत्यक्षात आली, पण मागितल्यासारखी नाही. 1946 मध्ये तिचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडले आणि त्या विधानसभा 1935 च्या मोजक्या मतदारांनीच निवडलेल्या होत्या. सारा, भाडं आणि मॅट्रिकच्या कसोटीतून आलेल्या लोकांनी शेवटी त्या कसोट्या मोडल्या. घटनेच्या 326 व्या कलमानं लोकसभा आणि विधानसभांसाठी प्रत्येक प्रौढाला मत दिलं. हा मोठेपणा त्या सभागृहाच्या पदरात घालायलाच हवा. जगातल्या बहुतेक देशांत आधी श्रीमंत, मग मध्यमवर्ग, मग मजूर, मग बायका अशा पायऱ्यांनी मत खाली उतरलं; इथं ते एकाच झटक्यात सगळ्यांना मिळालं. नोव्हेंबर 1949 मध्ये शेवटच्या भाषणांपैकी एकात आंबेडकरांनी इशारा दिला की राजकारणात समता आणि समाजात-अर्थकारणात विषमता, हा विरोध फार काळ पेलणार नाही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची धामधूम चालू असताना, 3 डिसेंबर 1951 रोजी जळगावला बहिणाबाई चौधरी वारल्या. असोद्याच्या या बाईला अक्षरओळख नव्हती, कविता तिच्या तोंडून ऐकून मुलानं टिपल्या होत्या. शिक्षणाच्या कसोटीवर मत द्यावं म्हणणाऱ्यांना हे एक नाव सांगून गप्प करता येतं, पण ते उत्तर खरं नव्हे. ज्या निरक्षर बाईला कविता येत नाहीत तिचंही मत तितकंच आहे, हे खरं उत्तर. आणि त्या निवडणुकीत प्रौढ मतासाठी भांडलेले आंबेडकर स्वतः मुंबईत पडले. लायक माणूस निवडून यावा ही हमी प्रौढ मताधिकार देत नाही. तशी त्यानं कधी दिलीही नव्हती.

आता परिणाम. 1960 नंतर पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिम खानदेशचा धुळे. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. सूतगिरण्या, साखर कारखाने, विविध कार्यकारी सोसायट्या, जिल्हा बँका या नव्या जागांवर सत्ता सरकली. मत सगळ्यांना होतं, पण कर्ज कुणाला मिळणार, पाणी कुणाच्या शेतातून जाणार, ऊस कुणाचा आधी तुटणार हे संचालक ठरवत. संचालक व्हायला जमीन लागे. फार काय, खिरोद्याच्या धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव मंत्री आणि पुढे विधानसभेचे अध्यक्ष झाले. ते कर्तबगार होते, शिक्षणक्षेत्रात त्यांचं काम आहे, यात वाद नाही. तरी घराणं ही मालमत्ताच आहे आणि तिचा सातबारा कुठल्या दप्तरात निघत नाही. जळगावच्याच मतदारांनी 1962 मध्ये सत्तावीस वर्षांच्या प्रतिभा पाटलांना विधानसभेत पाठवलं, हेही त्याच काळातलं.

सर्वांत कडू प्रसंग तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात घडला. तिथल्या सपाटीवर बागायती वाढली, ऊस आला, मालक श्रीमंत झाले. भिल्ल त्यांच्याकडे सालदार होते, पुष्कळदा स्वतःच्या आजोबांच्या जमिनीवर. मत मिळून वीस वर्षं झाली होती. 2 मे 1971 रोजी पाटीलवाडीत धान्यावरून झालेल्या झगड्यात मालकांच्या बाजूनं गोळीबार झाला, त्यात एक आदिवासी ठार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाभोवती लोक जमू लागले. अंबरसिंग भजनी वळणाचे, सर्वोदयाच्या संस्कारातले. त्यांच्यासोबत पुण्या-मुंबईचे शिकलेले तरुण येऊन राहिले. 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मागणं, सालदाराची मजुरी ठरवणं, रोजगाराची कामं काढायला लावणं, बायकांनी दारूचे गुत्ते फोडणं, हे सारं पुढच्या काही वर्षांत झालं. अंबरसिंग 1974 मध्ये अकाली गेले. फैजपूरच्या ठरावातलं शेतमजुराचं कलम खानदेशात कुणी खरोखर हाती घेतलं असेल, तर ते या लोकांनी, पस्तीस वर्षांनी आणि कुठल्याही निवडणुकीबाहेर.

मग मताचा उपयोग काय झाला, असं कुणी विचारील. झाला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा 1974 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं केला आणि रोजगार हमीचा 1977 मध्ये. सालदार आणि भिल्ल मतदार नसते, तर त्यांची आंदोलनं चिरडून टाकणं कुणाही सरकारला परवडलं असतं. बत्तीस रुपयांच्या काळात ते परवडत होतं, हे इतिहासात लिहिलेलंच आहे.

मालमत्तेची अट परत आणा असं आज कुणी उघड म्हणत नाही, लाज वाटते. शिक्षणाच्या अटीची मात्र लाज वाटत नाही. हरियाणानं पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली, ती 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्राह्य धरली. महाराष्ट्रानं 2017 मध्ये थेट सरपंच निवडीचा कायदा केला, तेव्हा 1995 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असण्याची अट त्यात होती. सातवी ही काही फार मोठी मागणी नव्हे, असं शहरात बसून वाटतं. अक्राणीतल्या ज्या पाड्यावर शाळा उशिरा पोचली, मास्तर त्याहून उशिरा, तिथं ही अट कुणाला वगळते हे पाहायला कुठल्या समितीची गरज नाही. 1919 मध्ये आंबेडकरांनी साउथबरोला हेच सांगितलं होतं. शाळा न देणाऱ्यानं शाळेचा दाखला मागू नये.

आणि एक जुनी खुर्ची अजून तशीच मांडलेली आहे. घटनेच्या 171 व्या कलमानुसार विधान परिषदेच्या बाराव्या हिश्श्याच्या जागा पदवीधरांनी निवडायच्या आणि तेवढ्याच शिक्षकांनी. नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिक आणि अहिल्यानगर हे पाच जिल्हे येतात. पदवी मिळून तीन वर्षं झालेल्यानं अर्ज भरून नाव नोंदवायचं. शेवटची निवडणूक 30 जानेवारी 2023 रोजी झाली. म्हणजे राज्याच्या विधिमंडळासाठी जळगावच्या पदवीधराला दोन ठिकाणी मत आहे आणि त्याच्या शेतातल्या सालदाराला एका ठिकाणी. ज्या ब्रिटनकडून ही कल्पना आली, त्यांनी आपल्या विद्यापीठांच्या जागा 1948 च्या कायद्यानं बंद केल्या. महाराष्ट्रात पदवीधरांच्या सात आणि शिक्षकांच्या सात जागा आजही चालू आहेत.